अळवावरचं पाणी, ताटावरचं पाणी

मैत्रिणींनो, आज ताट घासून त्यावर पाणी ओतलंत की ते लगेच पालथं घालू नका. दोन क्षण त्याच्याकडे बघा. पाणी ताटभर एकसारखं पसरून पातळ पडद्यासारखं खाली उतरलं, तर ताट निघालं म्हणून समजा. पण एखाद्या जागी पाणी पसरायला तयारच नसेल, तिथून मागे हटून त्याचे मणी होत असतील, तर त्या जागी तुपाचा ओशटपणा अजून शिल्लक आहे. बोट फिरवून बघायची गरजच नाही. पाण्याने आधीच चुगली केलेली असते!

तुम्ही म्हणाल, ‘हे काय सांगायला हवं? आमच्या मोलकरणीलासुद्धा ठाऊक आहे.’ अगदी खरं. पण हीच परीक्षा मोठमोठ्या कारखान्यांतही घेतात, हे ठाऊक आहे का? धातूच्या पत्र्याला रंग किंवा मुलामा देण्यापूर्वी तो पाण्यात बुडवून बाहेर काढतात आणि पाण्याचा पडदा सलग राहतो की तुटतो ते बघतात. पडदा तुटला, तर पत्रा पुन्हा धुवायचा. तुमची-आमची मोरीवरची परीक्षा ती हीच. फरक एवढाच, की तिथे तिची पद्धत ठरलेली असते आणि निकाल वहीत नोंदला जातो. आपल्याकडे तो पाण्याबरोबर वाहून जातो.

या नोंदण्याविषयी आणि मोजण्याविषयीच आज थोडं बोलायचं आहे. मी विज्ञानाची पदवीधर नव्हे. बी.ए. झाले ती मराठी घेऊन, आणि अर्धवेळ शिकवते तेही मराठीच. पण थेंबाचं हे शास्त्र कळायला मोठं गणित लागत नाही. मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक पुरतो.

बशी, वाटी आणि लाडू

पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, म्हणून पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या कापडासारखा वागतो. याला पृष्ठताण म्हणतात. थेंब एखाद्या वस्तूवर पडला की त्याची दोन्हीकडून ओढाताण होते. पाणी पाण्याला आत ओढतं, वस्तू त्याला आपल्याकडे खेचते. वस्तूची ओढ जास्त, तर थेंब पसरतो. पाण्याची आपसातली ओढ जास्त, तर तो अंग चोरून गोळा होतो.

आता हा थेंब डोळ्याच्या पातळीवर आणून बाजूने बघा. जिथे थेंबाची कड वस्तूला टेकते, तिथे एक कोन तयार झालेला दिसेल. पाण्याच्या आतल्या बाजूने मोजलेल्या या कोनाला स्पर्शकोन म्हणतात. थेंब पालथ्या बशीसारखा पसरट असेल, तर कोन लहान, वीस-तीस अंशांचा. पालथ्या वाटीसारखा अर्धगोल असेल, तर काटकोन, म्हणजे ९० अंश. आणि ताटात ठेवलेल्या लाडवासारखा जेमतेम टेकलेला असेल, तर कोन दीडशे अंशांच्या पुढे.

थॉमस यंग नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८०५ मध्ये ही कल्पना मांडली. कुठलाही एक द्रव आणि कुठलाही एक घन पदार्थ यांच्या जोडीचा कोन ठरलेला असतो, असं त्यांनी सांगितलं. अगदी स्वच्छ काचेवर पाण्याचा कोन शून्याजवळ येतो. मेणावर तो साधारण १०५ ते ११० अंश, आणि नॉनस्टिक भांड्यांना ज्या टेफ्लॉनचा लेप असतो त्यावरही ११० च्या आसपास. कमळाच्या पानावर मात्र तो १६० अंशांपर्यंत जातो. पाणी तेच. जागा बदलली की त्याचं रूप बदलतं.

जाताना एक, येताना दुसरा

पण गंमत पुढेच आहे. औषधाचा ड्रॉपर घ्या आणि धुतलेल्या काचेवर एक थेंब ठेवा. ड्रॉपरचं टोक थेंबातच ठेवून हलके हलके आणखी पाणी सोडा. थेंब आधी फुगेल, मग त्याची कड पुढे सरकेल. आता तेच पाणी हळूहळू परत ओढून घ्या. आली तशी कड मागे येईल, असं वाटतं ना? येत नाही! ती जागच्या जागी चिकटून बसते. थेंब चपटा होत जातो, कोन लहान लहान होत जातो आणि अगदीच नाइलाज झाला की कड मागे हटते.

म्हणजे पुढे सरकतानाचा कोन मोठा आणि मागे हटतानाचा लहान. काचेवरचा अदृश्य ओशट ठिपका, बारीकसा ओरखडा, धुळीचा कण अशा प्रत्येक ठिकाणी पाण्याची कड अडकते. साडीचा पदर दाराच्या खिळ्याला अडकतो ना, तशी. म्हणून पृष्ठभागाची खरी परीक्षा करायची असेल, तर एकच कोन मोजून भागत नाही. प्रयोगशाळेत बारीक सुईने थेंबात पाणी भरतात, परत ओढतात, बाजूने कॅमेरा लावून दोन्ही कोन मोजतात आणि त्यांतला फरक बघतात. फरक जितका जास्त, तितकी ती जागा पाण्याला धरून ठेवणारी.

खिडकीच्या उभ्या काचेवर पावसाचा थेंब लोंबकळत राहतो, तो याच फरकाच्या जोरावर. नीट बघा, त्याची खालची बाजू फुगलेली आणि वरची बाजू पातळ असते. खाली मोठा कोन, वर लहान. त्या दोन कोनांतला फरक थेंबाचं वजन तोलून धरतो. दुसरा थेंब येऊन मिळाला, वजन पेललं नाही, की सर्रकन ओघळला.

गुलाबाच्या पाकळीवरही थेंब छान गोल बसतो. पण पाकळी उलटी केली, तरी तो सुटत नाही. अळूच्या पानावरचा थेंब मात्र पान जरासं कलतं होताच धूम ठोकतो. दोन्हीकडे थेंब दिसायला मोत्यासारखाच, पण एकीकडे मागे हटायची बंदी आणि दुसरीकडे पूर्ण मोकळीक. ‘अळवावरचं पाणी’ असं म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांची नजर केवढी बारीक होती, पाहा! पाणी तिथे गोल बसतं, एवढंच त्यांनी टिपलं नाही. ते तिथे ठरत नाही, हे टिपलं.

अळूच्या आणि कमळाच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचा थर असतो. थेंब उंचवट्यांच्या टोकांवर तरंगतो, खाली हवा राहते. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९९७ मध्ये याविषयी जो लेख लिहिला तो फार गाजला. कमळाचं पान चिखलात राहून स्वच्छ कसं, तर घरंगळणारा थेंब धूळ उचलून घेऊन जातो म्हणून, हे त्यांनी दाखवलं. त्यावरून बाहेरच्या भिंतींना लावायचा, पावसाने धुऊन निघणारा रंगही १९९९ मध्ये बाजारात आला. अळूवडीचं पान हातात असताना एका जागी बोटाने जोरात चोळून पाहा. मेणाचा थर मोडला, की तिथे पाणी चिकटू लागतं.

ब्राउनश्वाइगचं स्वयंपाकघर

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या बाईंची ओळख करून देते. त्यांचं नाव आग्नेस पॉकेल्स. जन्म १८६२ चा, इटलीतल्या व्हेनिसचा. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. मलेरियाने प्रकृती ढासळल्यामुळे त्यांनी लवकर नोकरी सोडली आणि १८७१ मध्ये कुटुंब जर्मनीत ब्राउनश्वाइग या गावी राहायला आलं. आग्नेस तिथल्या मुलींच्या शाळेत शिकल्या. पदार्थविज्ञानाची त्यांना विलक्षण ओढ. पण त्या काळी तिथल्या विद्यापीठांची दारं मुलींना बंद होती. पुढे ती किलकिली झाली, तेव्हा आई-वडिलांनी ‘जाऊ नकोस’ म्हटलं, म्हणून त्या गेल्या नाहीत. तीन वर्षांनी धाकटा भाऊ फ्रीडरिश मात्र गॉटिंगेनला जाऊन पदार्थविज्ञान शिकला. बहिणीने घर सांभाळलं, स्वयंपाकपाणी केलं, आजारी आई-वडिलांची शुश्रूषा केली. ही गोष्ट जर्मनीतली आहे म्हणून सांगायची. एरवी आपल्याकडे ती कितीतरी घरांत घडलेली आहे.

पण पॉकेल्सबाईंनी भांडी घासताना जे दिसलं, ते सोडून दिलं नाही. पाण्यावर स्निग्धाचा किंवा साबणाचा अंश आला, की पाण्याचा ताण बदलतो. किती बदलतो? हा ‘किती’ त्यांना गप्प बसू देईना. सुमारे विसाव्या वर्षी, १८८२ च्या आसपास, त्यांनी घरच्या घरी उपकरण तयार केलं. ७० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर उंच असा पत्र्याचा एक लांबट ट्रे. तो काठोकाठ पाण्याने भरायचा आणि त्यावर दीड सेंटिमीटर रुंदीची पत्र्याची पट्टी आडवी, पाण्याला टेकेल अशी ठेवायची. पट्टी सरकवली, की पाण्यावरचा मळ एका बाजूला लोटला जातो. केर काढावा तसा त्यांनी पाण्याचा पृष्ठभागच झाडून काढला! मग बटणाएवढी, ६ मिलिमीटर व्यासाची एक चकती पाण्याला टेकवायची आणि ती उचलून घ्यायला किती वजन लागतं, हे लहानशा तराजूवर मोजायचं. जितका ताण जास्त, तितकं वजन जास्त.

अशी जवळजवळ दहा वर्षं गेली. आकड्यांनी वह्या भरल्या, पण छापणार कोण? विद्यापीठाचा शिक्का नाही, कुणाची शिफारस नाही. भाऊ मधूनमधून पुस्तकं नि नियतकालिकं पाठवी, एवढाच काय तो बाहेरच्या जगाशी संबंध. शेवटी प्रसिद्ध इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले याच विषयावर काम करत आहेत, हे त्यांच्या वाचनात आलं. जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी रॅलेंना जर्मनमध्ये एक सविस्तर पत्र लिहिलं. त्या पत्राचं इंग्रजी भाषांतर कुणी केलं असेल? रॅलेंच्या पत्नीने! रॅलेंनी ते ‘नेचर’ या नामांकित साप्ताहिकाकडे पाठवलं. अगदी घरगुती साधनांनी या बाईंनी मोलाचे निष्कर्ष काढले आहेत, असंही त्यांनी सोबत कळवलं. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते पत्र छापून आलं. रॅलेंना मनात आणतं तर ते पत्र बाजूला ठेवता आलं असतं. त्यांनी ते ठेवलं नाही, हेही विसरून चालणार नाही.

पुढे पॉकेल्सबाईंचे बरेच लेख प्रसिद्ध झाले. १९१४ चा लेख तर आपल्या आजच्या विषयावरच आहे. घन पदार्थावर द्रव कसा पसरतो आणि त्याचा स्पर्शकोन किती होतो, हाच त्याचा विषय. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी अमेरिकेच्या अर्व्हिंग लँगम्यूर यांना १९३२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांनी वापरलेलं उपकरण पॉकेल्सबाईंच्या त्या पत्र्याच्या ट्रेचीच सुधारलेली आवृत्ती. त्याच १९३२ साली ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने पॉकेल्सबाईंना सन्मान्य डॉक्टरेट दिली. तेव्हा त्या ७० वर्षांच्या होत्या. १९३५ मध्ये त्या वारल्या.

ही हकीकत वाचली तेव्हा मला आनंद झाला आणि रागही आला. आनंद यासाठी, की स्वयंपाकघरातून शास्त्र उभं राहिलं. राग यासाठी, की ती दहा वर्षं कुणाच्या हिशेबात धरायची? ‘बाई किती सोशिक!’ असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण ज्या मुलीला प्रयोगशाळा मिळायला हवी होती, तिला मोरी मिळाली. तिने मोरीचीच प्रयोगशाळा केली, हा तिचा मोठेपणा. तिला तसं करावं लागलं, हा काही तिच्या काळाचा मोठेपणा नव्हे.

तुमच्या-आमच्या घरात

असो. आता थोडं उपयोगाचं बघू. थेंबाची ही परीक्षा घरात कुठे कुठे कामी येते?

*कोरं कापड :* नवा टॉवेल, नवी दुपटी, कोरं सुती कापड यांवर एक थेंब टाका. तो तसाच बसून राहिला, तर कापडावर खळ किंवा कारखान्यातला लेप आहे. एक-दोनदा गरम पाण्याने धुवा आणि पुन्हा थेंब टाका. टाकल्याबरोबर जिरला, म्हणजे टॉवेल अंग पुसायच्या कामाचा झाला. बाळाची दुपटी तर धुतल्याशिवाय वापरूच नयेत. कपडे मऊ व्हावेत म्हणून शेवटच्या पाण्यात काही घालत असाल, तर ते टॉवेलांना नको. त्याने कापड मऊ होतं, पण पाणी टिपायचं विसरतं.

*छत्री आणि रेनकोट :* इथे उलट. थेंब घरंगळायला हवा. तो पसरू लागला, तर वरचा लेप झिजला आहे किंवा कापडावर मळ नाहीतर साबण राहिला आहे. म्हणून रेनकोट साबणाच्या पाण्यात बुचकळू नका. साध्या पाण्याने चिखल धुवा आणि सावलीत वाळवा.

*बिडाचा तवा :* तेल लावून पुनःपुन्हा तापवलं, की तेलाचा पातळ, कडक थर लोखंडाला धरतो. त्यालाच आपण तवा ‘मुरला’ म्हणतो. गार तव्यावर थेंब टाकून बघा. मुरलेल्या तव्यावर तो गोळा होईल, नुकत्याच खरवडलेल्या तव्यावर पसरेल. म्हणून डोशाचा तवा राखेने किंवा पावडरीने घासू नये. तापलेल्या तव्यावर थेंब नाचतो, त्याचं कारण मात्र निराळं. खालचं पाणी झटकन वाफ होतं आणि थेंब त्या वाफेच्या गादीवर तरंगतो. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १७५६ मध्येच हे लिहून ठेवलं आहे. थेंब असा नाचत राहिला, तर तवा डोशाला जास्त तापला आहे. पाण्याचा हबका मारा आणि मग पीठ घाला.

*नॉनस्टिक :* पॅन ओलं करून कलतं धरा. पाणी सगळीकडून निसटलं, पण एखाद्या रेघेवर अडकून राहिलं, तर तिथे ओरखडा पडला आहे. धिरडं चिकटेल तेही तिथेच. कलथा लाकडीच वापरा.

*नळाचे आणि फरशीचे डाग :* चहाचा थेंब सांडून वाळला, की त्याची कड गडद आणि मधला भाग फिका दिसतो. थेंबाची कड जागेवर अडकून बसते आणि वाळताना आतलं पाणी कडेकडे वाहत जातं. जाताना ते चहाचे कण सोबत नेतं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये हे उलगडून दाखवलं. नळावरच्या खाऱ्या पाण्याचे डागही थेंब जागेवर वाळल्यानेच पडतात. थेंब वाळायच्या आत कोरड्या फडक्याने टिपला, तर डागच पडत नाही. डाग पडल्यावर घासण्यापेक्षा हे सोपं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ही परीक्षा ओशटपणाची आहे, जंतूंची नव्हे. बाळाच्या काचेच्या बाटलीत पाणी सलग उतरलं, तरी ती उकळावी लागतेच. शिवाय प्लॅस्टिकच्या डब्यावर पाण्याचे मणी झाले, म्हणजे डबा ओशट आहे असं नाही. स्वच्छ प्लॅस्टिकवरही पाणी नीट पसरत नाही. काच, चिनी माती आणि नुकतंच घासलेलं स्टील यांच्यापुरताच हा नियम.

शेतीशी संबंध असणाऱ्या मैत्रिणींना आणखी एक ठिकाण ठाऊक असेल. कोबीसारख्या मेणचट पानांवर औषध फवारलं, तर थेंब आपटून उडतात नाहीतर घरंगळून मातीत जातात. म्हणून फवाऱ्यात ‘स्टिकर’ मिसळतात. त्याने पाणी पानावर पसरतं आणि मागे हटत नाही. कमी औषधात काम झालं, तर पैसा वाचतो, जमीन वाचते, फवारणाऱ्याची प्रकृतीही वाचते. थेंबाचा कोन हा काही नुसता पुस्तकातला विषय नाही.

सुट्टीतला एक प्रयोग

मुलांना घेऊन हे करून बघा. काचेचा तुकडा (कडा चिकटपट्टीने झाका), मेण लावलेला पुठ्ठा, स्टीलची ताटली, तेलाचं बोट फिरवलेली ताटली आणि अळूचं पान या पाच वस्तू सपाट टेबलावर मांडा. प्रत्येकीवर ड्रॉपरने सारखाच लहान थेंब ठेवा. मोबाइल टेबलावर आडवा टेकवून थेंबाचा अगदी बाजूने फोटो काढा. तो मोठा करून त्यावरून थेंबाचा आकार कागदावर उतरवा आणि कोनमापकाने कोन मोजा. मग ड्रॉपरने पाणी भरून आणि परत ओढून दोन्ही कोनांचे फोटो घ्या. प्रत्येक वस्तूवर तीन-तीनदा मोजा. एकदाच मोजलेला आकडा म्हणजे ऐकीव बातमी. तीनदा मोजला, की त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आणि हे सगळं वहीत तारखेनिशी लिहायला सांगा. हा प्रयोग मी शाळेत आठवीच्या मुलींना वर्णनलेखनासाठी दिला होता. “बाई, हे तर आम्ही रोज बघतो,” एकजण म्हणाली, “पण लिहून ठेवायचं असतं हे माहीत नव्हतं.” तिने पाच वस्तूंचे पंधरा आकडे लिहून आणले. खाली तिने प्रश्नही लिहिला होता. कढत पाण्याचा थेंब ठेवला, तर कोन बदलेल का? मी तिला उत्तर दिलं नाही. “ड्रॉपर तुझ्याकडेच ठेव,” एवढंच म्हटलं.

तुमच्या घरी असा प्रश्न विचारणारी कुणी असेल, तर तिला ‘आधी भांडी आवर’ म्हणू नका. भांडी दोघी मिळून आवरू, भाऊही हात लावेल. प्रश्न मात्र तिला त्याच दिवशी वहीत उतरवू द्या.